कुठे निघालीस, आजी?

माझ्या फोनमध्ये 'आजी पडली' नावाची एक नोट आहे. किराण्याची यादी आणि वायफायचा पासवर्ड यांच्या मधोमध. तिच्यातली पहिली नोंद अशी आहे:

'मंगळवार. पहाटे ३.५०. हॉलमध्ये, सोफा आणि मेन दरवाजाच्या मध्ये. पायात चप्पल नाही. लाइट बंद. डावा गुडघा खरचटला. कुठे निघाली होती? माहीत नाही.'

कुठे निघाली होती, हा प्रश्न पुढच्या प्रत्येक नोंदीत आहे. सुरुवातीचे दोन-तीन आठवडे त्याच्यापुढे 'माहीत नाही' एवढंच लिहिलंय. मग हळूहळू उत्तरं मिळायला लागली. ती उत्तरं सांगण्यासाठी हे लिहितेय. पण त्याआधी एक गोष्ट कबूल करायची आहे.

आम्ही डोंबिवलीत राहतो. मम्मी, पप्पा, आजी आणि मी. मी एका कंपनीच्या कस्टमर सपोर्टमध्ये आहे, घरूनच काम, शिफ्ट रात्रीची. आजी आणि मी एका खोलीत. ती पलंगावर झोपते, मी कोपऱ्यातल्या टेबलापाशी हेडफोन लावून अमेरिकेतल्या लोकांची बिलं दुरुस्त करते. माझी पाठ तिच्याकडे असते.

आजीला अल्झायमर आहे हे कळून आता चार वर्षं झाली. डिमेन्शिया म्हणजे स्मरणशक्ती आणि विचारशक्ती हळूहळू ढासळत जाणं, आणि त्याचं सगळ्यात जास्त आढळणारं कारण म्हणजे अल्झायमर. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाचा अंदाज आहे की भारतात साठीपुढच्या साधारण ७.४ टक्के लोकांना, म्हणजे ८८ लाख माणसांना डिमेन्शिया आहे. हा आकडा मी खूप नंतर वाचला. तोवर मला वाटायचं, हे आमच्याच घरी आलंय.

विसरणं आम्ही गृहीत धरलं होतं. ती माझं नाव विसरली, मला 'आक्का' म्हणायला लागली, म्हणजे तिची साताऱ्याकडची थोरली बहीण. पप्पांना कधी दीर समजली, कधी भाडेकरू. यावर आम्ही रडलो आणि थोडे हसलोही. पण ती पडेल, हे आमच्या डोक्यात नव्हतं. मेंदूचा आजार आहे, पाय तर धड आहेत ना, असा आमचा हिशोब. तो चुकीचा होता. डिमेन्शिया असलेली माणसं त्याच वयाच्या इतर माणसांपेक्षा दुपटीने किंवा त्याहून जास्त वेळा पडतात. अंतराचा अंदाज घेणं, वळताना तोल सांभाळणं, 'इथे ओलं आहे, जपून' असं स्वतःला सांगणं, हे सगळं शेवटी मेंदूच करतो.

पहिल्यांदा पडली तेव्हा मनगट मोडलं. प्लॅस्टर लागलं. त्या दिवसापासून आमच्या घरात एक शब्द सुरू झाला. 'बस.'

आजी, बस. अहो आई, बसा ना. बस म्हटलं ना तुला. दिवसभर सांभाळायला येणाऱ्या मावशी, मम्मी, पप्पा, मी, सगळे तिला एवढंच सांगायचो. ज्या बाईने वीस वर्षं लालबागच्या चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत खानावळ चालवली, गिरणीत जाणाऱ्या चौदा माणसांना दोन वेळ जेवू घातलं, तिला आम्ही दिवसातून शंभर वेळा 'बस' म्हणत होतो. आणि ती शंभर वेळा उठत होती.

एका शनिवारी मावशी आल्या नाहीत. मम्मी-पप्पा कामावर. माझी शिफ्ट सकाळी संपली होती, डोळे मिटत होते, मला आंघोळ करायची होती. मी आजीला हॉलमधल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसवलं, समोर टीव्ही लावला, आणि मम्मीच्या जुन्या ओढणीने तिला कमरेपाशी खुर्चीला बांधलं. गाठ मागे. तिला पोचू नये म्हणून.

पहिल्यांदाच केलं असं म्हणायला मला आवडलं असतं. ती चौथी वेळ होती.

अंगावर पाणी घेत असताना आवाज आला. बाहेर आले तर आजी खुर्चीसकट पुढे कोसळली होती. ती उठली होती, खुर्ची तिच्याबरोबर उठली होती. हात टेकायला पुढे नेता आले नसावेत. कपाळ थेट लादीवर आपटलं होतं. ओढणी अजून बांधलेलीच होती. ती ओरडत नव्हती. हळू आवाजात म्हणत होती, "सोड की गं आक्का. उशीर व्हतोय."

मी आधी गाठ सोडली, ओढणी कपाटात कोंबली, मग पप्पांना फोन केला. हाच क्रम होता. तो मला विसरता येत नाही.

दवाखान्यात पाच टाके पडले. डॉक्टरांनी विचारलं, "कशा पडल्या?" मी म्हटलं, "चक्कर आली असेल."

हे तीन शब्द कागदावर गेले. कागदावर गेले म्हणून खरे झाले. चक्करेसाठी तपासण्या झाल्या आणि चक्करेवरची एक गोळी सुरू झाली. त्या गोळीने आजी दिवसभर पेंगायला लागली. चालताना पाय घासायला लागली. आणि दहा दिवसांच्या आत ती पुन्हा दोनदा पडली, या वेळी कुणीही न बांधता. माझ्या खोट्याचं औषध झालं होतं आणि ते ती रोज दोन वेळा घेत होती.

पुढच्या महिन्यात आम्ही तिला वृद्धांच्या आजारांच्या एका डॉक्टर बाईंकडे नेलं. त्यांनी सगळी पाकिटं टेबलावर ओतायला सांगितली आणि एकेक गोळी उचलून विचारत गेल्या, "ही कशासाठी?" बीपीची. शुगरची. ही रात्री झोपावी म्हणून. ही चक्करेची.

"चक्कर कधी आली होती?"

पप्पा माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "आली नव्हती." आणि सगळं सांगितलं.

पप्पांना ओढणीचं त्या खोलीत पहिल्यांदा कळलं. ते काही बोलले नाहीत, उठून बाहेर गेले. डॉक्टर मात्र ओरडल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "बांधणारे तुम्ही पहिले नाही. पण बांधल्याने पडणं थांबत नाही. पाय वापरले नाहीत की आठवड्या-दोन आठवड्यांत ताकद जाते, आणि बांधलेलं माणूस सुटायला धडपडतं, तेव्हा जास्त लागतं." मग त्यांनी आजीला आडवं झोपवून बीपी घेतलं, उभं करून पुन्हा घेतलं. उभं राहिल्यावर ते बरंच खाली आलं होतं. अंथरुणातून झटकन उठलं की मेंदूला रक्त कमी पडतं, पाय लटपटतात. झोपेची गोळी हळूहळू कमी करत बंद करायचं ठरलं. ती अशी एकदम तोडायची नसते. चक्करेची गोळी तिथेच थांबली.

निघताना त्यांनी विचारलं, "त्या दिवशी खुर्चीतून कुठे निघाल्या होत्या त्या?"

मला उत्तर देता आलं नाही. मी कधी विचारच केला नव्हता. आमच्या दृष्टीने ती 'उगाच' उठायची. डॉक्टर म्हणाल्या, "उगाच कुणी उठत नाही. तुम्ही लिहून ठेवा. वेळ, जागा, पायात काय होतं, उजेड होता का, आणि कुठे निघाल्या होत्या."

अशी ती नोट सुरू झाली.

महिनाभराने वाचायला बसले तेव्हा सगळ्यात आधी वेळ डोळ्यांत भरली. ३.५०. ४.०५. ३.४०. नऊपैकी पाच नोंदी पहाटे चारच्या आसपास. मी मम्मीला दाखवलं. ती कणीक मळत होती. हात न थांबवता म्हणाली, "पाण्याची वेळ."

चाळीत पाणी पहाटे यायचं. चारला उठलं तर पिंप भरायचं, नाहीतर पहिल्या पाळीच्या माणसांचा स्वयंपाक कशावर करणार? १९८२ च्या जानेवारीत गिरण्यांचा संप झाला, माणसं गावी गेली, खानावळ चौदावरून तीनवर आली, तरी आजी चारलाच उठत राहिली. डोंबिवलीत येऊन आम्हाला वीस वर्षं झाली. इथे गच्चीवर टाकी आहे, नळ कधीही सोडा. पण अल्झायमरमध्ये अलीकडचं आधी जातं आणि जुनं बराच काळ टिकून राहतं. डोंबिवली पुसली गेली होती. लालबाग तसंच होतं. आणि लालबागमध्ये चार वाजले होते.

दुसरी गोष्ट जागेची. पाचपैकी तीन वेळा ती मेन दरवाजाजवळ पडली होती. आम्हाला वाटायचं ती घरातून पळून जातेय. पप्पांनी दरवाजाला वरून कडी बसवली होती. मग एका पहाटे ती दरवाजाशी झटापट करत असताना मी तिचा गाऊन ओला झालेला पाहिला आणि डोक्यात प्रकाश पडला. चाळीत संडास गॅलरीच्या टोकाला होते. खोलीतून बाहेर पडायचं आणि डावीकडे जायचं. ती पळत नव्हती. तिला लागली होती आणि आम्ही कडी लावली होती. आमचं बाथरूम तिच्या पलंगापासून सहा पावलांवर आहे, पण त्याचं दार बंद असायचं. बंद दार तिच्यासाठी भिंत होती.

तिसरी गोष्ट पायपुसण्याची. बाथरूमबाहेर मम्मीने काळं पायपुसणं टाकलं होतं, मळखाऊ म्हणून. आजी त्याच्यापाशी आली की थबकायची, मग लांब ढांग टाकायची आणि तोल जायचा. फिजिओथेरपिस्ट ताई घरी आल्या तेव्हा त्यांनी सांगितलं, फिकट लादीवरचं काळं पायपुसणं अशा माणसाला खड्ड्यासारखं दिसू शकतं. चकाकणारी लादी ओली वाटू शकते. नजर ठीक असली तरी नजरेचा अर्थ लावणारा मेंदू चुकतो. आजी माझ्या घरात खड्डे ओलांडत चालत होती आणि मी म्हणत होते, नीट चाल ना.

चौथी गोष्ट कळली तेव्हा मला सगळ्यात जास्त लाज वाटली. चार नोंदींमध्ये मी लिहिलं होतं, 'मी हाक मारली, तेवढ्यात पडली.' म्हणजे ती उठली की मी टेबलावरूनच ओरडायचे, "आजी! कुठे चाललीस?" ती थांबायची, आवाजाच्या दिशेने वळायची, आणि त्या वळण्यातच जायची. याबद्दल स्वीडनमधला एक छोटा, प्रसिद्ध अभ्यास आहे, १९९७ चा. वृद्धांच्या निवासात राहणाऱ्या ५८ जणांशी चालता चालता गप्पा सुरू केल्या. त्यातले १२ जण बोलण्यासाठी चालायचे थांबले. पुढच्या सहा महिन्यांत त्या १२ पैकी १० जण पडले. आपल्याला चालणं फुकट वाटतं. त्यांच्यासाठी चालणं हेच पूर्ण वेळ काम असतं, त्यात आपली हाक म्हणजे दुसरं काम. मी तिला वाचवायला हाक मारायचे आणि त्या हाकेने ती पडायची.

यानंतर आम्ही जे केलं त्यात मोठा खर्च कशाचाच नव्हता. काळं पायपुसणं फेकलं. बाथरूमचं दार रात्री उघडं ठेवलं आणि आत लाइट चालू. पलंगापासून तिथपर्यंत दोन छोटे नाइट लॅम्प. कमोडशेजारी प्लंबरकडून भिंतीत पक्का दांडा बसवून घेतला, कारण टॉवेलच्या दांडीला धरून ती एकदा दांडीसकट खाली आली होती. गाऊन चार बोटं वर शिवला. नऊवारीत ती कधी पायात अडकली नव्हती, गाऊनमध्ये अडकायची. सपात्या जाऊन मागून बंद, रबरी तळाच्या चपला आल्या. रात्री झोपण्याआधी आणि पहाटे साडेतीनला, तिला जाग येण्याआधी, मी तिला बाथरूमला नेते. उठताना आधी पलंगावर पाय सोडून बसायचं, मी वीसपर्यंत मोजते, मग उभं राहायचं. हाक मारायची नाही. समोर जायचं, तिला दिसेल असं उभं राहायचं, हात द्यायचा आणि मग बोलायचं.

'बस' हा शब्द आम्ही बंद केला. उलट फिजिओ ताईंनी तिला दिवसातून तीन वेळा खुर्चीतून उठायला-बसायला लावलं. नुसतं सांगितलं तर करायची नाही. मग मम्मीने युक्ती काढली. ओट्यावर कणकेचे गोळे ठेवायचे आणि परात टेबलावर. एकेक गोळा आणायला आजी उठते, दोन पावलं जाते, येते, बसते. चौदा गोळे. ती मोजते. बाकी काही मोजता येत नाही आता, पण चौदा मोजता येतात.

हे सगळं केल्यावर ती पडायची थांबली, असं लिहिता आलं तर हा लेख छान संपला असता. ती थांबली नाही, कमी पडायला लागली. पावसाळ्यात एकदा दोन दिवसांत तीनदा पडली. नोट नसती तर 'आजार वाढला' म्हणून आम्ही सोडून दिलं असतं. पण एवढ्या दिवसांत एकही नोंद नसताना अचानक तीन, म्हणून डॉक्टरांना फोन केला. लघवीची तपासणी झाली, इन्फेक्शन निघालं. म्हाताऱ्या माणसाला अशा वेळी ताप येईलच असं नाही, कधी कधी फक्त गोंधळ वाढतो आणि पाय लटपटतात. औषधाने आठवड्यात ती पहिल्यासारखी झाली.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात आत्या आली होती. तिच्यासमोरच आजी गॅलरीच्या दाराशी घसरून बसली. फार लागलं नाही. आम्ही घाईने तिला काखेत धरून उचललं नाही. आधी कुठे दुखतंय का ते पाहिलं, मग खुर्ची जवळ आणली, तिला गुडघ्यावर यायला लावलं आणि तिच्या तिच्या वेगाने उठू दिलं. आत्या हादरली होती. म्हणाली, "तुम्ही तिला फिरू कशाला देता? उद्या खुबा मोडला तर कोण करणार?"

तिचं चुकत नव्हतं. खुबा मोडणं म्हणजे काय, हे आम्हाला माहीत आहे. त्यानंतर कितीतरी म्हातारी माणसं पुन्हा पहिल्यासारखी चालत नाहीत. जगभरात दरवर्षी अंदाजे ६ लाख ८४ हजार माणसं पडण्याने मरतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि त्यात साठीपुढची सगळ्यात जास्त. मी रोज रात्री ही भीती घेऊनच लॉगिन करते.

आत्याला उत्तर पप्पांनी दिलं. डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर गेल्यापासून ते माझ्याशी ओढणीबद्दल एक शब्दही बोलले नव्हते. ते म्हणाले, "बांधून पाहिलं आम्ही. तेव्हाही पडली." 'आम्ही' म्हणाले. मी किचनमध्ये जाऊन नळ सोडून उभी राहिले, कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून.

ती ओढणी मी फेकलेली नाही. कपाटात खालच्या कप्प्यात आहे. तुमच्या घरी असं माणूस असेल आणि तुम्हीही कधी दाराला बाहेरून कडी घातली असेल, पलंगाला उशा-खुर्च्यांची भिंत केली असेल, तर मला तुम्हाला काही शिकवायचं नाही. थकलेलं माणूस काय काय करतं, मला माहीत आहे. एवढंच सांगेन की डॉक्टरांना खरं सांगा. आणि एक नोट सुरू करा.

माझ्या नोटमध्ये आता पडण्यापेक्षा न पडलेल्या दिवसांच्या नोंदी जास्त आहेत. परवाची ही:

'गुरुवार. पहाटे ३.५५. उठली. लाइट होता. चप्पल होती. कुठे निघाली? पाण्याला.'

पाण्याला म्हणजे पाण्यालाच. माझी शिफ्ट सुरू असते, पण चारच्या ब्रेकची सोय मी मॅनेजरशी बोलून करून घेतली आहे. मी हेडफोन काढते, समोर जाते, हात देते. आम्ही दोघी किचनमध्ये जातो. सिंकखाली एक छोटी स्टीलची कळशी आहे, लिटरभर पाण्याची. आजी ओट्याला धरून उभी राहते, मी नळ सोडते. ती कान देऊन ऐकते. कळशी भरत आली की आवाज बदलतो, ते तिला माझ्याआधी कळतं. "बंद कर," म्हणते.

मग ती पदर खोचल्यासारखं गाऊनपाशी काहीतरी करते आणि विचारते, "समद्यांचं झालं का गं, आक्का?"

मी म्हणते, "झालं."

"मग मी जरा पडते," ती म्हणते, आणि माझा हात धरून पलंगाकडे निघते.